चोचीतला हिरवा ठिपका

सभागृहातले दिवे मालवले तसे शेवटच्या रांगेतले लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मधल्या रांगांनी "बसा हो, बसा" म्हणून आरडाओरडा केला आणि मग त्याही उभ्या राहिल्या. स्टेजवरच्या पडद्यावर एक पक्षी उमटला. चिमणीहून थोडा मोठा, करड्या पाठीचा, गळ्याखाली तांबूस. वाकड्या फांदीवर बसून, मान वर करून, चोच उघडून तो गात होता. फोटोच तो, त्यामुळे आवाज येत नव्हता. पण पहिल्या रांगेतल्या एका बाईंना तोही ऐकू आला.

"पाखरू सगळ्यांनाच दिसतं," पाखरूदादा माइकमध्ये हळूच म्हणाला. "पाखरामागे बघा."

पाखरामागे सगळं धूसर होतं. लांब लेन्सने काढलेल्या फोटोत मागचं असतंच तसं. त्या मऊ तपकिरी रंगात, पक्ष्याच्या शेपटीच्या बाजूला, एक चेहरा होता. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, खाली मिशीसारखं काहीतरी आणि एक खांदा.

"अगं बाई!" माझ्या शेजारची आत्या उठून उभी राहिली. "हे आलेत!"

हे म्हणजे माझे आतोबा. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. हॉलभर लोकांनी तोंडात बोटं घातली. कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळल्याने मध्येच थांबवल्या.

"कुठे दिसतात, ताई?" पाखरूदादाने विचारलं. "चोचीसमोर की शेपटीमागे?"

"शेपटीमागे."

"म्हणजे उत्तर काय?"

"नाही," आत्या म्हणाली. तिने डोळे पुसले आणि खाली बसली. तिचा चेहरा गेल्या कित्येक दिवसांत पाहिला नव्हता इतका निवांत दिसत होता. मला मात्र तिचा प्रश्न काय होता ते माहीत होतं.

तिच्या छातीत गाठ होती. मीच तिला दवाखान्यात घेऊन गेलो होतो. सर्जनबाईंनी तपासण्या केल्या, रिपोर्ट समोर ठेवला, गाठ वाईट आहे असं स्वच्छ सांगितलं आणि लवकर काढली तर पुढचं सोपं जाईल असंही सांगितलं. ऑपरेशनची तारीख ठरली होती. आणि आत्याने पाखराला विचारलं होतं, "करू का?"

आता या पाखरूदादाविषयी. हा गृहस्थ पूर्वी ओळखपत्रांचे फोटो काढायचा. जिवंत माणसांचे चेहरे त्याला कधी नीट जमले नाहीत, असं त्याची जुनी गिऱ्हाइकं सांगतात. मग त्याने तोफेएवढी लेन्स घेतली, पक्ष्यांच्या मागे लागला आणि पुढे पक्ष्यांच्या मागचं त्याला दिसायला लागलं. त्याचं म्हणणं असं की, माणूस गेला की त्याची छाया हलकी होते आणि हलकी छाया पाखराच्या मागे मागे फिरते. आपल्याला ती दिसत नाही, कारण आपला डोळा पाखरावर खिळतो. कॅमेरा मात्र निःस्वार्थी असतो. माझं चष्म्याचं दुकान आहे, भिंगांशी रोजचा संबंध आहे. पण कोणतंही भिंग निःस्वार्थी असल्याचं माझ्या पाहण्यात आलं नव्हतं.

रीत ठरलेली होती. घरच्यांनी गेलेल्या माणसाचा एक फोटो द्यायचा, म्हणजे छायेची ओळख पटते. मग पाखरूदादासमोर बसून मन मोकळं करायचं आणि एक प्रश्न विचारायचा. तो सकाळी सभागृहामागच्या बागेत पक्ष्याचा फोटो काढणार. तो फोटो काही दिवस अंधारात ठेवायचा, कारण छाया बसायला वेळ लागतो. मग पडद्यावर दर्शन आणि हातात फ्रेम. चेहरा चोचीसमोर असेल तर होय, शेपटीमागे असेल तर नाही. लोकांनी बागेत आपापल्या मोबाइलवर फोटो काढून पाहिले होते, त्यांत चेहरा येत नव्हता. "मोबाइलला घाई असते," पाखरूदादा म्हणायचा, आणि लोक मान डोलवायचे. खरंच आहे, मोबाइलला घाई असतेच.

आणखी एक नियम होता. दोन घरांच्या फ्रेमा शेजारी शेजारी ठेवायच्या नाहीत. छाया एकमेकींत मिसळतात आणि मग आपला माणूस दुसऱ्याच्या घरी जातो. हा नियम लोक इतका कसोशीने पाळत की कुणी पाहुणा आपली फ्रेम घेऊन आला, तर घरच्या फ्रेमवर टॉवेल टाकत.

घरी परतताना मी रिक्षातच विषय काढला.

"आत्या, तारीख पुढच्या आठवड्यातली आहे."

"मी फोन करून नको सांगितलंय."

"कधी?"

"आत्ताच. हॉलमधून बाहेर पडल्यावर. तू चपला शोधत होतास तेव्हा."

"आत्या, अगं रिपोर्ट आहे. डॉक्टर आहेत. आणि हा फोटोवाला..."

"तुझा विश्वास नसेल तर नसू दे. मी कुठे तुला गाठ काढ म्हणतेय?"

माझी आत्या जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली बाई. अख्ख्या गावाच्या पोरांना पेन्सिल कशी धरायची ते हिने शिकवलं. मला आईविना हिनेच वाढवलं. ती असं बोलायला लागली की मी सातवीतला होतो. तेवढ्यात रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "पाखरूदादांकडून आलात का? माझाही नंबर लावायचाय." मी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बागेत जाऊन उभा राहिलो. बाग कसली, सभागृहाच्या मागची मोकळी जागा. एका लोखंडी स्टँडला वाकडी फांदी आवळलेली. फांदीखाली पाण्याचं थाळं, त्यात वरच्या बाटलीतून थेंब थेंब पाणी पडतंय. फांदीच्या मागे, दहाबारा पावलांवर, रोपवाटिकेत लावतात तसली हिरवी जाळी ताणलेली. शेजारच्या भिंतीवरची दोरी, कपडे, गॅसची टाकी हे सगळं त्या जाळीआड जात होतं. माणूस व्यवस्थित होता, ते मान्य केलं पाहिजे.

पाखरूदादा तोफेमागे बसला. भाविक ओळीने उभे राहिले. मग गाणं ऐकू आलं. गोड, उतरत जाणारं, शेवटी एक झटका देणारं गाणं. लोकांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले, आणि फांदीवर कुणीच नव्हतं. गाणं फांदीसमोरच्या एका कुंडीतून येत होतं.

थोड्या वेळाने झाडाझुडपांतून खरा पक्षी आला. फांदीवर बसला, पिसं फुलवली, मान वर केली आणि कुंडीच्या दिशेने तोंड करून जीव तोडून गायला लागला. लेन्स कटाकट वाजली. मी सरळ पुढे झालो आणि कुंडीतल्या पानांत हात घालून मुठीएवढा स्पीकर बाहेर काढला. तो माझ्या हातातही गातच होता.

"हे काय आहे?" मी मोठ्याने विचारलं.

पाखरूदादा जराही विचलित झाला नाही. "स्पीकर," तो म्हणाला.

"तुम्ही गाणं वाजवून पक्षी बोलावता!"

"मग काय निमंत्रणपत्रिका पाठवू?"

लोक हसले. आमच्या गल्लीतले इंजिनीअरसाहेब ओळीत उभे होते. त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी गेल्या. पूल बांधण्यात हयात घालवलेला माणूस. पुलावर एक भेग दिसली तर रात्रभर झोप न येणारा. ते मला समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो चष्मेवाले, कुणाला बोलवायचं तर आवाज द्यावाच लागतो. त्यात बिघडलं काय? पाखरू खोटं आहे का? नाही. कॅमेरा खोटा आहे का? नाही. मग?"

"चेहरा, साहेब. चेहरा कुठून येतो?"

"तेच तर आश्चर्य आहे," ते म्हणाले आणि विषय संपला. स्पीकर माझ्या हातातून कुणीतरी अदबीने काढून घेतला आणि परत कुंडीत ठेवला. त्या दिवशी मी हात टेकले. लबाडी उघडी पाडली की लोक शहाणे होतात असा माझा समज होता. लोकांना स्पीकर दिसला, आवडला आणि तो चमत्काराच्या सामानात जमा झाला.

दिवस जात राहिले. सर्जनबाईंच्या दवाखान्यातून माझ्या दुकानात फोन आला, मग पुन्हा आला. "तुमच्या आत्या फोन उचलत नाहीत," तिथली मुलगी म्हणाली. आत्या माझ्याशी बोलायची, पण गाठीचं नाव काढलं की स्वयंपाकघरात निघून जायची. एकदा तिचा डावा हात वर जात नव्हता म्हणून तिने फळीवरचा डबा मला काढायला सांगितला. मी काढून दिला आणि बाहेर येऊन जिन्यात बसून राहिलो. मला रडू आलं, लपवण्यात काही अर्थ नाही.

आणि मग एका दुपारी इंजिनीअरसाहेब काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन दुकानात आले. इकडेतिकडे बघितलं, दुकानात दुसरं कुणी नाही याची खात्री केली आणि काउंटरवर फ्रेम ठेवली.

"एक चष्मा करायचाय," ते म्हणाले.

"वाचायचा?"

"नाही. हा फोटो बघायचा." मग आवाज उतरला. "तुमच्यापाशी म्हणून सांगतो. मला ती दिसत नाही."

"म्हणजे?"

"हॉलमध्ये सगळे म्हणाले दिसल्या, दिसल्या. मीही म्हणालो दिसली. आता तीनशे जणांत एकट्या नवऱ्यालाच दिसली नाही, हे कसं सांगणार? घरी रोज समोर बसून बघतो. पाखरू दिसतं. मागे नुसतं ढगासारखं. नंबर वाढला असेल माझा."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, डोळे तपासले. नंबर जिथल्या तिथे होता. एवढ्या वयाच्या माणसाचे इतके चांगले डोळे मी क्वचित पाहिलेत. हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. डोळे चांगले निघाल्याचं इतकं दुःख झालेला पेशंट मला पहिल्यांदाच भेटला.

"बघू तरी," म्हणून मी घड्याळजी वापरतात तसलं माझं भिंग डोळ्याला लावलं आणि फ्रेमवर वाकलो. पक्षी छान होता. करडी पाठ, गळ्याखाली तांबूस, वाकडी फांदी, उघडी चोच. मागचं सगळं निळसर राखाडी. चोचीसमोर एक पांढुरका ढग होता; कपाळ म्हणावं तर कपाळ. आणि उघड्या चोचीच्या दोन पात्यांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढ्या फटीत, हिरवा रंग होता. मागे कुठेही हिरवं नाही, फक्त त्या फटीत. मला त्याचा अर्थ लागेना. एवढंच आठवलं की आत्याच्या फोटोतही पक्षी अशीच मान वर करून गात होता.

"साहेब, तुम्हाला वहिनी बघायच्यात ना? माझ्याबरोबर आत्याकडे चला. फ्रेम घ्या."

"आणि शेजारी ठेवायची? नाही हो. मिसळतील."

"तुम्हाला ती दिसतच नाही, तर मिसळून बिघडणार काय?"

इंजिनीअर माणूस. हा मुद्दा त्यांना पटला.

आत्या जेवणाच्या टेबलाशी बसून भाजी निवडत होती. आम्ही काय करणार हे कळल्यावर ती उसळली. "मुळीच नाही! यांना मी दुसऱ्याच्या घरी पाठवणार नाही." मी ऐकलं नाही. तिच्या खोलीत जाऊन भिंतीवरची फ्रेम काढली आणि टेबलावर आणून साहेबांच्या फ्रेमला लावून ठेवली. इंजिनीअरसाहेबांनी डोळे गच्च मिटून घेतले. काही झालं नाही. नळाचं पाणी टपटपत होतं तेवढंच.

"उघडा आता," मी म्हणालो.

दोन्ही फोटोंत एकच पक्षी होता. सारखा पक्षी नव्हे, तोच. तीच मान, छातीवरचं तेच एक विस्कटलेलं पीस, पायाची तीच बोटं फांदीवर तशीच आवळलेली, फांदीखाली तोच पाण्याचा थेंब अर्ध्यावर लटकलेला. दोघांचे फोटो वेगवेगळ्या सकाळी काढलेले. पण दोघांचा थेंब एकाच क्षणी पडत होता.

"पाखरू एकच असेल," साहेब चाचरत म्हणाले. "एकच पाखरू सगळ्यांच्या छाया..."

"आणि थेंब, साहेब?"

साहेबांनी एका थेंबावरचं बोट उचलून दुसऱ्यावर ठेवलं.

आत्या उठली. तिने ओला हात पदराला पुसला आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "भिंग."

मी दिलं. ती दोन्ही फोटोंवर वाकली. बराच वेळ वाकून होती. मग शाळेत ऐकायचो त्या आवाजात म्हणाली, "कपाचा कान."

"काय?"

"मुलांना कप काढायला दिला की काढतात छान. मग मागचं रंगवा म्हटलं की निळ्या रंगाने सगळं भरतात. कानाच्या आतली जागा तेवढी कोरी राहते. दरवर्षी, प्रत्येक वर्गात. कानाच्या आतून मागचंच दिसतं, हे लक्षातच येत नाही त्यांच्या. त्यांना वाटतं ते कपातच मोडतं." तिने नखाने चोच दाखवली. "हे बघ. याने पाखरू कापून घेतलंय, मागचं बदललंय. चोचीच्या आतलं बदलायचं राहिलं. ते हिरवं म्हणजे मूळ फोटोतलं मागचं."

"जाळी!" मी ओरडलो. "बागेतली हिरवी जाळी!"

"असेल." ती अजून वाकलेलीच होती. भिंग आता पक्ष्यावरून सरकून शेपटीमागे गेलं होतं. चेहऱ्याच्या खाली, खांद्यावर, फिकट रंगाचे चार डाग होते. धूसर, एकाशेजारी एक. मी ते पूर्वी पाहिले असते तर डागच म्हटलं असतं.

"मी दिलेला फोटो आठवतो तुला?" आत्याने विचारलं.

मला आठवत होता. त्यात दोघं होती. आतोबा खुर्चीवर आणि आत्या मागे त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी. त्यांचा एकट्याचा चांगला फोटो घरात नव्हताच, म्हणून तो दिला होता.

"मला कापून टाकलं," आत्या म्हणाली. "बोटं राहिली."

ती खुर्चीत बसली. साहेबांनी न विचारता तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला.

"मेलेल्या माणसाची छाया म्हणे. आणि तिच्या खांद्यावर माझी बोटं. अरे, मी तर जिवंत आहे!" आणि मग तिचा बांध फुटला. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिलो. रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "मला भीती वाटत होती रे. कापाकापीची. त्याने विचारलं, ताई, तुमच्या मनात काय आहे? मी म्हटलं, नको वाटतं. मग यांनीही नको म्हटलं. माझंच नको मला फ्रेम करून दिलं त्याने."

साहेब बराच वेळ दाढी खाजवत होते. "मलाही विचारलं होतं त्याने," ते म्हणाले. "धाकट्याला घरात घेऊ का, असा माझा प्रश्न होता. भांडून गेलेला आहे. मनात काय आहे म्हणाला. मी म्हटलं, यावा असं वाटतं. चोचीसमोर आली ती." मग फ्रेम जवळ ओढून, "तो आलाय घरी. ते काही वाईट झालं नाही."

"मग ते तुम्हीच केलंत," आत्या म्हणाली. "तिचं नाव कशाला?"

पुढच्या दर्शनाला आम्ही तिघं गेलो. त्याआधी आत्या घरोघर फिरली होती. तिची विद्यार्थी नसलेली माणसं गावात थोडीच; बाईंनी फ्रेम आणा म्हटल्यावर आणली, कुणी टॉवेलात, कुणी उशीच्या अभ्र्यात. पाखरूदादा माइक हातात घेऊन "छाया हलकी असते" इथपर्यंत आला, तेवढ्यात आत्या स्टेजवर चढली आणि आपली फ्रेम पडद्याखालच्या टेबलावर ठेवली. शेजारी साहेबांनी ठेवली.

"ताई, मिसळतील," पाखरूदादा म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा वर गेला.

"मिसळू देत. ओळखीचीच माणसं होती," आत्या म्हणाली. "आणा रे सगळ्यांनी वर."

आमच्या गल्लीतल्या केकवाल्या बाई आईची फ्रेम घेऊन आल्या, समोरच्या वकीलबाई आल्या, रिक्षावालाही आपली नवी फ्रेम घेऊन आला. टेबल भरलं, मग फ्रेमा जमिनीवर मांडल्या. मागे तपकिरी, निळं, जांभळं, एकाच्या मागे तर सूर्यास्त. पुढे सगळीकडे तोच पक्षी, तोच थेंब आणि प्रत्येक चोचीत हिरवा ठिपका. माझं भिंग हातोहात फिरलं. लोक रांग लावून बघत होते. रांगेची सवय होतीच.

"हिरवा हा जीवनाचा रंग आहे," पाखरूदादा म्हणाला.

"जाळीचा आहे," आत्या म्हणाली. "मागच्या दाराने जाऊन बघा. आणि पुढच्या वेळी निवडून कापताना चोचीच्या आतलंही निवडा. मी तुम्हाला दहापैकी सहा दिले असते. पाखरू चांगलं आलंय."

हॉलमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. पाखरूदादाने पडद्याचा स्विच शोधला, तो सापडेना. मग मी माइक घेतला. माझ्या गिऱ्हाइकांत पक्ष्यांचे फोटो काढणारी एक मुलगी आहे, तिला मी कुंडीतल्या स्पीकरविषयी विचारून ठेवलं होतं. ती आधी चिडली. ही युक्ती जुनी आहे म्हणाली, पण विणीच्या दिवसांत भले लोक ती वापरत नाहीत. नर पक्ष्याला आपल्या हद्दीत दुसऱ्या नराचं गाणं ऐकू आलं की तो अंगावर धावून येतो. पिल्लांना भरवायचं सोडून कुंडीशी भांडत बसतो. "तेव्हा," मी हॉलला म्हणालो, "हा पक्षी गोड आवाजात जे सांगत होता ते आपल्याला नव्हतं आणि आपल्या माणसांकडूनही नव्हतं. तो म्हणत होता, ही जागा माझी आहे, चालता हो."

पाखरूदादाने ते ऐकलं की नाही माहीत नाही. तो लेन्स पिशवीत घालत होता. आठवडाभरात सभागृहावर कुलूप दिसलं. दूरच्या कुठल्या गावी तो माशांचे फोटो काढतो असं कानावर आलंय.

सगळे शहाणे झाले असं मात्र समजू नका. वकीलबाई म्हणाल्या, मला संशय होताच. हे त्या सहा महिने सांगत नव्हत्या एवढंच. केकवाल्या बाई आपली फ्रेम परत गुंडाळताना मला म्हणाल्या, "खोटा असेल, पण आई आहे त्यात." मी त्यांना म्हटलं, आई तुम्ही दिलेल्या फोटोत आहे, तो परत मागून घ्या आणि भिंतीला लावा. त्यांनी मागितला की नाही, मला कळलं नाही.

ऑपरेशन झालं. सर्जनबाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला आणि गाठ निघाल्याचं सांगितलं. मी हुश्श केलं तेव्हा त्यांनी मला हाताने थांबवलं. गाठ काखेपर्यंत पोचली होती. आता औषधं लांबतील, केस जातील, हाताला सूज राहील. "पहिल्या तारखेला आला असतात, तर एवढं काढावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

मी खोलीत गेलो. आत्या शुद्धीवर येत होती. तिने विचारलं, "काय म्हणाल्या?"

खोटं बोलायचं मनात आलं. पण या बाईला आता आणखी कुणी खोटं दाखवावं असं मला वाटेना. मी सगळं सांगितलं, काखेचंही. ती छताकडे बघत पडून राहिली. मग म्हणाली, "तो विचारायचा, तुमच्या मनात काय आहे. मला किती बरं वाटायचं रे. यांच्यानंतर कुणी विचारलंच नव्हतं."

मी रोज तिला रिपोर्ट विचारत होतो, तारीख विचारत होतो. ते विचारणं बरोबरच होतं आणि तरी ते पुरलं नव्हतं.

म्हणून वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. गाठीचं डॉक्टरला विचारा. चमत्कार दाखवणारा म्हणत असेल की हा दुसऱ्याच्या चमत्काराशेजारी ठेवू नका, तर आधी तेच करा. आणि तुमच्या घरात कुणी घाबरलेलं असेल, तर त्याच्या मनात काय आहे ते आजच विचारा, कारण तुम्ही विचारलं नाहीत तर कुणीतरी विचारायला येतंच.